गुलाब मेस्त्रीची पेटी

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळत आलो. टाळणं सोपं होतं, कारण कोणी विचारतच नव्हतं. घरी आलेला माणूस माझ्या कपाटापुढे उभा राहतो, एकेक नग हातात घेतो, आणि वरच्या कप्प्यातल्या सागवानी पेटीशी आला की मी ठरलेलं वाक्य म्हणतो, "ही वणीच्या एका मेस्त्रीनं केलेली. त्याच्याशिवाय हिला उघडणारा पहिला माणूस मी." पेटीच्या आत पेन्सिलीनं लिहिलेलं माझं नाव आहे, तेही दाखवतो. वाक्याचा पहिला भाग खरा आहे. दुसराही म्हटलं तर खराच आहे. पंधरा वर्षं मी त्या 'म्हटलं तर'च्या आडोशाला बसलो आहे. आता त्र्याहत्तरावं लागलं, आणि आडोशाला बसून पाय अवघडले.

दिवाळी झाली की आमच्या यवतमाळच्या घरापुढच्या रस्त्यानं कापूस जायला लागतो. बैलगाडी आता क्वचित. ट्रॅक्टर असतात, टेम्पो असतात, वर जाळी ताणून बांधलेली. जाळीतून सुटलेले पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींना अडकतात आणि आठवडाभरात त्या बाभळी अशा दिसतात, की अनोळखी माणसाला वाटावं, इकडे कापूस झाडावरच पिकतो. मी सकाळी फिरायला जातो तेव्हा हात वर करून एखादा पुंजका काढतोच. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढतो, जोडतो, परत ओढतो. बोटांवर उरलेल्या धाग्याची लांबी डोळ्यांनीच मोजतो. कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून तीस-बत्तीस हंगाम काढले, त्यामुळे बोटं ऐकत नाहीत. बायको म्हणते, "निवृत्त झालात तुम्ही. बाभळीच्या कापसाला कोणती प्रत देऊन राहिले आता?"

तिला माझ्या संग्रहाचाही असाच राग आहे, म्हणजे प्रेमळ राग. मी चुंबकाची कोडी जमवतो. हे सांगितलं की लोकांना फ्रिजवर चिकटवायची फळं आठवतात, म्हणून थोडं समजावतो. लाकडाची, पितळेची, कधी प्लास्टिकची अशी वस्तू, जिच्या पोटात कुठेतरी चुंबक लपवलेलं असतं. वरून काही दिसत नाही. फट नाही, खिळा नाही, कडी नाही. वस्तू उघडायची, किंवा तिचे दोन तुकडे जुळवायचे, किंवा आतली गोळी बाहेर काढायची. आतलं चुंबक कुठं काय धरून बसलं आहे, याचा अंदाज फक्त हातांनी घ्यायचा. एक डबी आहे, ती पालथी करून सावकाश सरळ केली तरच उघडते. घाई केली की आतली गोळी परत चुंबकाला जाऊन बिलगते. एक कुलूप आहे, ज्याची किल्ली त्याच्याच बुडाचा एक सुटा तुकडा आहे. पुतण्या पुण्याहून पाठवतो, कोणी नागपूरच्या बाजारातून आणून देतो. सगळे मिळून त्रेचाळीस नग आहेत. कपाट मात्र लाकडीच लागतं. सुरुवातीला लोखंडी कपाटात ठेवले होते, तर एक नग मागच्या पत्र्याला असा चिकटला की काढताना पत्रा वाजला आणि शेजारचे विचारायला आले. बायकोच्या शिवणाच्या सगळ्या सुया एकदा एकमेकींना लटकून वर आल्या, तेव्हापासून तिचा डबा आणि माझं कपाट वेगवेगळ्या खोल्यांत आहेत.

या सगळ्याची गोडी मला लावली ती एका हंगामानं आणि एका माणसानं.

माझ्या नोकरीचा तो शेवटून दुसरा हंगाम. नेमणूक वणीला, कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या एका जुन्या जिनिंगमध्ये. वणी म्हणजे एकाच रस्त्यावर काळं आणि पांढरं. खाणींकडून कोळशाचे ट्रक यायचे, खेड्यांकडून कापसाच्या गाड्या. सकाळी अंगात घातलेला पांढरा शर्ट दुपारपर्यंत राखाडी व्हायचा आणि संध्याकाळी त्यावर रुईची लव बसून पुन्हा पांढुरका. थंडीच्या सकाळी जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या वाफाळल्यासारख्या दिसत. मी गंजीत कोपरापर्यंत हात घालायचो. वरचा कापूस गार असायचा, आतला उबदार. ती ऊब एखाद्या जनावराच्या पोटाला हात लावावा तशी असते. ओलावा किती, कवडी म्हणजे किडका कापूस किती, पाला किती, हे हातालाच कळायचं. गाडीवाला माझ्या तोंडाकडे पाहत उभा असायचा. त्याच्या त्या पाहण्याची सवय मला कधी झाली नाही.

गुलाब मेस्त्री त्या जिनिंगचा फिटर. पन्नाशी ओलांडलेला, किडकिडीत, कानाच्या पाळीवर कायम रुईचा धागा. कापूस यंत्रात जाण्याआधी एका उतरत्या पाटावरून घसरत जायचा आणि त्या पाटाला खालून चुंबकाच्या पट्ट्या होत्या. कापसात आलेलं लोखंड तिथं अडकावं, नाहीतर यंत्राच्या लोखंडी दाढ्यांवर घासून ठिणगी पडते आणि जिनिंग जळते. रोज सकाळी यंत्र सुरू होण्याआधी गुलाब त्या पट्ट्या पुसायचा. मी चहाचा कप घेऊन ते पाहायला जाऊ लागलो. काय काय निघायचं! बैलाच्या नालेचे खिळे, विळ्याचं मोडकं टोक, सायकलच्या तारा, बाजेचा नट, केसांच्या आकड्या आणि वेचणाऱ्या बायांच्या पदराच्या पिना, पिनाच पिना. गुलाब त्या पिना वेगळ्या डब्यात टाकायचा.

"या कायले ठेवता मेस्त्री?" मी एकदा विचारलं.

"साहेब, बाई दिवसभर पदर सावरत वेचते. पिन कवा पडली तिले बी माहीत नसते. घरी गेल्यावर हात जाते तिचा खांद्यावर." तो डबा हलवत म्हणाला. "आमची कांता शुक्रवारच्या बाजारात भाजी घेते, तवा वाटते बायायले. पिना फुकट, भाजी घासाघीस करून."

कांता म्हणजे त्याची बायको. पुढे त्यांच्या घरी मी बऱ्याचदा गेलो. बौद्धवाड्यातलं दोन खोल्यांचं घर, भिंतीत कोनाडा, कोनाड्यात पितळेची छोटी बुद्धमूर्ती, खाली सागाच्या तुकड्यांचा ढीग. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यानं "जयभीम साहेब" म्हणून पाट दिला आणि पुढ्यात दोन लाकडी बैल ठेवले. तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात तसे, पण चाकं नसलेले. सोबत एक जू.

"जुंपून दाखवा."

मी बैल जवळ आणले तर ते एकमेकांपासून लांब पळाले. अक्षरशः पळाले. एकाला धरून ठेवलं तर दुसरा गर्रकन वळून उभा राहिला. मी हसायला लागलो, कांताबाई चुलीपाशी बसून पदर तोंडाला लावून हसल्या. अर्धा तास मी त्या बैलांशी झटत होतो. शेवटी बोटाला लागलं, की एका बैलाचं वशिंड किंचित फिरतं. ते अर्धं फिरवलं आणि दोन्ही बैल खटकन शेजारी येऊन उभे राहिले, जू आपोआप मानेवर बसलं. आतलं चुंबक वशिंडाबरोबर फिरत होतं. अठ्ठावन्नाच्या आसपासचा, पोटावर सरकारी पट्टा बांधणारा मी माणूस, पाटावरून उठून टाळ्या वाजवल्या.

"बैलायलेबी सोबती पसंत पडा लागते साहेब," गुलाब म्हणाला.

फुटलेल्या स्पीकरमधली, भंगारातल्या मोटारींमधली चुंबकं तो आणायचा. कोणी शिकवलं नव्हतं. पाटाच्या पट्ट्या पुसता पुसता त्याला हा नाद लागला होता. त्याचे नियम तीनच. ठोकायचं नाही, लोखंड लावायचं नाही, बाहेरून चुंबक लावायचं नाही. आणि जो उघडेल त्यानं आत पेन्सिलीनं आपलं नाव लिहायचं. त्याच्या हातची आठ-दहा कोडी गावात फिरत होती, त्यांच्या पोटात कोणाकोणाची नावं होती. चहावाल्याचं, एका ट्रक ड्रायव्हरचं. एका कोड्यात कांताबाईंचं होतं, दोन वेळा. दुसऱ्यांदा का, विचारलं तर म्हणाल्या, "पह्यल्यांदी यायनं सांगतलं होतं. मंग म्या म्हटलं, थांबा, आता माह्या डोक्यानं उघडतो."

त्या घरात नियम असा पाळला जायचा.

जानेवारीत त्यानं ती पेटी पुरी केली. विटेएवढी, सागाची, तेल पाजून गुळगुळीत. आमच्या जिनिंगच्या ऑफिसात टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "हे बसल्या जागी नाई उघडत. एवढंच सांगतो."

महिनाभर सगळ्यांनी ती हाताळली. मुनीमजींनी कानाशी धरून हलवली, काट्यावरच्या माणसानं फुंकर मारली. कोणालाच उघडेना. रोज सकाळी मुनीमजी मला विचारायचे, "काय साहेब, सरकारचं काय म्हणणं?" एक दिवस दहा-बारा शेतकरी उभे असताना म्हणाले, "साहेब एका धाग्यावरून सारा कापूस सांगते, पण हा ठोकळा काही त्यायच्या हातात बोलत नाई." सगळे हसले. मीही हसलो. पण गाडीवाले हसले ते मला लागलं. त्याच हाताच्या भरवशावर मी त्यांच्या कापसाची प्रत ठरवत होतो.

रविवारी मी पेटी माझ्या खोलीवर नेली. दुपारी जेवण झालं. बाहेर अंगणात ऊन पडलं होतं, घरमालकिणीनं कुरड्या वाळत घातल्या होत्या. मी प्रामाणिकपणे तासभर पाहिलं. मग ट्रंकेतून एका मोठ्या स्पीकरचं चुंबक काढलं, आदल्या दिवशी भंगारवाल्याकडून आणून ठेवलेलं, थाळीएवढं, जड. ते पेटीच्या झाकणावरून फिरवलं. एकदा, दोनदा. आत काहीतरी टक्‌ झालं. मी चुंबक झाकणाला टेकवूनच एका बाजूला ओढत नेलं आणि झाकण लोण्यासारखं सरकलं.

आत पाहिलं आणि माझे हात थांबले. असं काम मी तेव्हाही पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. हेक्सा ब्लेडचं एक पातं, एका टोकाला रुंद, दुसऱ्याला निमुळतं, पितळेच्या सुईवर तोललेलं. पात्यात चुंबक भरलेलं. म्हणजे ते होकायंत्र होतं. पेटी आडवी, सपाट धरून तिचं तोंड उत्तरेला केलं, की निमुळतं टोक खाचेसमोर येऊन थांबणार आणि झाकण सुटणार. इतर कुठल्याही दिशेला रुंद भाग आडवा. खिळे सगळे पितळेचे. जिनिंगच्या ऑफिसात ती कधीच उघडली नसती, कारण तिथं चहूबाजूंनी लोखंड होतं. माणसानं ती घेऊन मोकळ्या रानात जावं, हळूहळू स्वतःभोवती फिरावं, अशी ती केलेली होती. 'बसल्या जागी नाही' याचा अर्थ तो होता.

मला इतका आनंद झाला की लाज वाटायची राहूनच गेली.

सोमवारी मी उघडी पेटी घेऊन गेलो. म्हटलं, "अंगणात गेलो, उत्तरेकडे तोंड केलं आणि उघडली." गुलाबनं माझ्याकडे असं पाहिलं, की ते पाहणं मी माझ्या उरलेल्या आयुष्यात कुठंही ठेवू शकलो नाही. त्यानं दोन्ही हात माझ्या खांद्यावर ठेवले, मग साहेबाच्या खांद्यावर हात ठेवले हे लक्षात येऊन काढले. "म्हणजे समजते! दुसऱ्याच्या डोक्यात बी येते ते! म्या म्हटलं, माह्यापाशीच राह्यते का काय." त्यानं कानावरची पेन्सिल काढून मला दिली. मी आत नाव लिहिलं. तारीखसुद्धा लिहिली. मुनीमजींनी सगळ्यांसाठी भजी मागवली.

झाकण लावायला काही लागत नसे, ते ढकललं की आत जाऊन बसायचं. गुलाबनं ते लावलं आणि म्हणाला, "आता हे हंगाम बंद व्हाच्या दिवशीच उघडू. शेठचे साळे येऊन राह्यले नागपूरहून. त्यायचं लाकडी सामानाचं दुकान हाय. शेठ म्हणते, त्यायले आवडलं तर तुले घरी बसून हेच काम." मग छातीवर बोट ठेवून हसत म्हणाला, "याच्यातलीबी रुई निंगन थोडी."

दोन वर्षं त्याला खोकला होता. जिनिंगमध्ये खोकला सगळ्यांनाच असतो, पण त्याचा खोकला यंत्र बंद झाल्यावरही चालू राहायचा. कांताबाई एकदा मला हळूच म्हणाल्या होत्या, "साहेब, यायले एकदा त्या धुळीतून भायेर काढा कोणी."

हे लिहिताना मी उठून खिडकीशी जाऊन आलो. बाहेर एक ट्रॅक्टर चढावर घरघरत होता, मागच्या ट्रॉलीवर कापसात रुतून दोन बाया बसल्या होत्या, मोबाइलवर गाणं लावून. ऊन छान पडलं आहे. मी पंधरा वर्षं झुरत काढली असं वाचणाऱ्यानं समजू नये. मी सुखी माणूस आहे. पेन्शन वेळेवर येते, भूक लागते, झोप येते. हिवाळा आला की मला अजून लहान मुलासारखं बरं वाटतं. त्या हंगामाची आठवण आली की आधी गंजीतली ऊब आठवते, मग कांताबाईंच्या हातचं वांग्याचं भरीत, पळणारे बैल, पिनांचा डबा. या सगळ्याचा मला आनंदच होतो, आणि तो खोटा नाही. त्याच्या खाली ती पेटी असते, एवढंच.

मार्च सरता सरता जिनिंग बंद झाली. त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. दाढ्यांना हळदकुंकू, पट्ट्यांना फुलं, मग पुरी, बटाट्याची भाजी, बुंदी. कित्येक महिन्यांनी आवारात आवाज नसतो, तेव्हा माणसं उगाच मोठ्यानं बोलतात. कापूस उचलून झाला होता, गंज्यांच्या जागी झाडून काढलेलं मोकळं पटांगण होतं आणि कुंपणापलीकडे पळस असा फुलला होता, की उन्हात त्याच्याकडे पाहवत नव्हतं. शेठचे साळे भले गृहस्थ, पांढरा सफारी, हिंदी बोलणारे. गुलाबनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. कांताबाई दाराशी इतर बायांबरोबर उभ्या होत्या.

गुलाब पटांगणाच्या मधोमध गेला. पेटी दोन्ही तळहातांवर आडवी धरली. सगळ्यांना दिसावं म्हणून आधी पूर्वेला तोंड करून दाखवली, उघडत नाही. मग सावकाश उत्तरेकडे वळला, चिंचेच्या झाडासमोर. अंगठ्यानं झाकण ढकललं.

सरकलं नाही.

तो हसला. "मोबाइलवाले थोडे मागं व्हा हो. किल्ल्या-बिल्ल्या असन तर तेबी." लोक मागे सरले. त्यानं पेटी थोडी हलवून पातं मोकळं केलं, परत सपाट धरली, परत ढकललं.

"मेस्त्री, ब्याटरी खतम!" मुनीमजी ओरडले. हशा झाला.

मी सहा-सात पावलांवर होतो, आणि मला त्याच क्षणी कळलं. नंतर नाही, घरी गेल्यावर नाही, तिथंच. बी. एस्सी.ला हे शिकलो होतो. लहान चुंबकावर फार मोठं चुंबक उलट्या बाजूनं घासलं, की लहानाची टोकं उलटतात. उत्तर दाखवणारं टोक दक्षिण दाखवायला लागतं. त्या रविवारी मी झाकणावरून जे थाळीएवढं चुंबक ओढत नेलं होतं, त्यानं गुलाबचं पातं उलटं भरलं होतं. पेटी बिलकुल बिघडलेली नव्हती. पाठमोरं होऊन उभं राहिलं असतं, तर उघडली असती.

गुलाब माझ्याकडे आला. कपाळावर घाम होता, पण चेहरा अजून हसरा होता. "साहेब, तुमी उघडा. तुमच्या हातानं उघडली होती ना." आणि पेटी माझ्या हातात दिली.

माझ्या हातात दिली, हे मी पुन्हा लिहितो.

दक्षिणेला वळायचं होतं. अर्धी गिरकी. पण मी दक्षिणेला वळून झाकण उघडलं असतं, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि एकट्या गुलाबला कळलं असतं. त्याला एका क्षणात कळलं असतं, कारण पातं कशानं उलटतं हे त्याच्याइतकं त्या आवारात कोणाला माहीत नव्हतं. तीन नियमांतला तिसरा मी मोडला, वर खोटं बोललो, वर नाव लिहिलं. मुनीमजी होते, गाडीवाले होते, कांताबाई होत्या. मी साहेब होतो.

मी उत्तरेकडे तोंड केलं. तिकडे उघडणार नाही हे पक्कं माहीत असताना झाकण ढकलल्यासारखं केलं, आणि म्हणालो, "नाही उघडत."

पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. "कोई बात नहीं, फिर कभी," असं चांगुलपणानं म्हणाले आणि बुंदी खायला वळले. शेठ त्यांच्या मागे गेले. गुलाबनं बाहीनं कपाळ पुसलं. मग मला म्हणाला, "पातं कच्चं निंगालं असन माहं. पाणी बरोबर नाई बसलं त्याले." मी पेटी परत द्यायला लागलो, तर त्यानं हात मागे घेतले. "राहू द्या तुमच्यापाशी. एक डाव तरी उघडली, तेबी तुमच्या हातानं. मले पाहवत नाई आता तिच्याकडे."

त्यानंतर त्यानं एकही कोडं केलं नाही. मी शेवटच्या हंगामाला गेलो तेव्हा सागाचे तुकडे कांताबाईंनी चुलीत घातले होते, बैलजोडी कोणाला तरी देऊन टाकली होती. गुलाब पट्ट्या पुसत होता, खोकत होता. मला पाहून तितकाच आनंदला. अजून चार वर्षं तो त्या रुईत होता.

मी निवृत्त झाल्यावर एक-दोन कोडी विकत घेतली, मग वाढत गेली. लोक विचारतात, या वयात हा छंद कुठून? मी सांगत नाही. खरं असं आहे, की प्रत्येक नवं कोडं मी तीन नियम पाळून सोडवतो. महिना लागो, वर्ष लागो. सात नग अजून बंद आहेत. बायको म्हणते, "एवढा हट्ट काहून?" तिलाही मी हे आजच वाचून दाखवणार आहे.

चार वर्षांपूर्वी, अशाच कापसाच्या दिवसांत, मी त्याला भेटायला ढाणकीला गेलो. तो आणि कांताबाई मुलीकडे राहायला गेले होते. मुलीची पिठाची गिरणी आहे. बाजाराचा दिवस होता, गिरणीपुढे डब्यांची रांग. गुलाब आत बाजेवर बसला होता, फार वाळला होता, आवाज बसलेला. गहू पडतो त्या तोंडाशी त्यानं एक चुंबक बसवलं होतं आणि येणाऱ्या प्रत्येकीला त्याला अडकलेला खिळा दाखवून म्हणत होता, "पोटात गेला असता तुह्या नवऱ्याच्या." बाया म्हणत, "जाऊ द्या ना मामा, लोखंडच होईन त्याच्यात." हशा. तो माणूस सुखात होता, हे मला दिसलं. मला बरंही वाटलं.

जेवलो. ज्वारीची गरम भाकर, तुरीच्या दाण्यांची आमटी. हात धुताना त्यानं विचारलं, "साहेब, पेटी हाय का?"

"आहे ना."

"उघडते?"

दार एवढं उघडं क्वचित मिळतं. कांताबाई ताट उचलत होत्या, त्याही थांबल्या. मी म्हणालो, "पाहिलं नाही बऱ्याच दिवसांत."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "त्या दिवशी माह्यापेक्षा तुमालेच जास्त लागलं होतं. तोंड असं उतरलं होतं तुमचं. म्या घरी येऊन हिले सांगतलं, माही पेटी नाई उघडली त्याचं काही नाई, पण साहेबाले किती वाईट वाटलं पाह्यलं का? एवढा जीव कोण लावते परक्याले?"

"सांगतलं होतं," कांताबाई म्हणाल्या. "लई डाव सांगतलं."

मी पाणी प्यालो. संध्याकाळच्या बसनं परत आलो.

गेल्या संक्रांतीनंतर त्याच्या मुलीचा फोन आला. बाबा गेले, झोपेतच, त्रास झाला नाही. तुमची आठवण काढत होते, म्हणाली. मी "हो बेटा" म्हणालो आणि फोन ठेवला.

ढाणकीला जाताना एसटीत मी चार वाक्यं तयार केली होती. त्याच्या बोलीत केली होती, म्हणजे साहेबाची वाटू नयेत. उमरखेडला बस बदलली तोवर पाठ झाली, आणि पुढच्या सगळ्या रस्त्यानं, दोन्हीकडे कापूस फुटलेला, मी ती ओठांतल्या ओठांत म्हणत गेलो. गिरणीच्या दारात त्यानं मला पाहिलं, बाजेवरून उठायला लागला, आणि ती तिथंच राहिली. ती अशी होती:

"गुलाबभाऊ, पातं कच्चं नव्हतं. म्या चुंबक लावलं होतं, त्यानं उलटलं. तुमी माह्या हातात पेटी दिली तवा मले माहीत होतं, अन् तरीबी म्या उत्तरेकडे तोंड केलं. माफ करा मले."